विकल्या मिठाला जागावे

(संघाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संघाच्या चिटणिसांचे निमंत्रणपत्र आले तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली होती. वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने अशा मेळाव्यात मधुमेहावर चार शब्द सांगावेत, सकाळी फिरायला जाण्याचा उपदेश करावा आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, असा एक सोयीस्कर प्रघात पडून गेला आहे. मीही तसे पूर्वी केले आहे. परंतु आज मला थोडे अवघड बोलावयाचे आहे, आणि ते इतरत्र कोठे बोलण्यापेक्षा आपल्याच माणसांत बोलणे मला अधिक योग्य वाटते. मी वैद्य आहे खरा. पण माझा जन्म किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत झाला, गुळाच्या ढेपींच्या आणि पेंडीच्या वासात मी वाढलो, आणि माझे शिक्षण वडिलांच्या तराजूने केले. म्हणून वैद्याची बाजू आणि व्यापाऱ्याची बाजू अशा दोन्ही बाजू माझ्या एकाच अंगात नांदत आहेत. त्या दोघांचे आजवर जे संभाषण झाले, ते मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. गेल्या काही वर्षांतील पावसाळ्यातली एक सकाळ. माझ्या दवाखान्यात आपल्याच समाजातील एका प्रतिष्ठित पेढीचे मालक आपल्या नातवाला घेऊन आले. मुलगा अकरा वर्षांचा, वजन ५८ किलो. त्याच्या मानेवर मागल्या बाजूस काळसर, मखमलीसारखा पट्टा उमटला होता. आई तो मळ समजून रोज घासत होती. तो मळ नव्हता. शरीरातील इन्शुलिनचा प्रभाव क्षीण होऊ लागला की पुष्कळदा मानेवर अशी खूण दिसते. ते उठून गेले आणि पाठोपाठ एक बाई अडीच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली. मुलीचे वजन साडेआठ किलो. म्हणजे त्या वयाच्या मुलीचे असावे त्याहून ते फारच कमी होते. केस विरळ, डोळे निस्तेज. नवरा काय करतो असे विचारता ती म्हणाली, “बाजार समितीत हमाल आहेत.” पुढे बोलण्यात उलगडले की तो हमाल त्याच आजोबांच्या पेढीवर पोती वाहतो.

मी दोन्ही घरांना एकच प्रश्न विचारला होता, “मूल सकाळी काय खाते?” दोन्हीकडून एकच उत्तर आले: चहा आणि बिस्किटे. नातवाचा पुडा मोठा आणि मलईचा. हमालाच्या मुलीचा पुडा पाच रुपयांचा. “बिस्कीट दिलं की गप बसते, डॉक्टर, मला कामावर जायचं असतं,” असे ती माउली म्हणाली. एका मुलाला अन्न फार झाले होते, दुसरीला फार थोडे पडले होते, आणि दोघांनाही जे मिळावयास हवे ते मिळत नव्हते. आणि बंधूंनो, दोन्ही पुडे आपल्याच दुकानांतून गेले होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट लखलखीत दिसली. स्थूलता हा श्रीमंतांचा रोग आणि कुपोषण हा गरिबांचा, अशी जी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे ती खोटी आहे. ही दोन्ही दुखणी एकाच घरातली सख्खी भावंडे आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शेकडा ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. शेकडा २५ हून अधिक बालके उंचीच्या मानाने कृश होती. त्याच पाहणीत, त्याच महाराष्ट्रात, प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा २३ आणि पुरुषांपैकी शेकडा २४ हून अधिक माणसे प्रमाणाबाहेर वजनाची होती. स्त्रियांची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. शेकडा २० स्त्रिया अतिकृश, शेकडा २३ अतिस्थूल, आणि शेकडा ५४ रक्तक्षयाने ग्रस्त! याचा अर्थ असा की, वजनदार दिसणाऱ्या बाईचे रक्तही फिकेच असू शकते. पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे.

या दोन दुखण्यांचे नाते किती जवळचे आहे हे जगाला दाखवून देण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथे जन्मणाऱ्या अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो होते. यात नवल नव्हते. नवल पुढे आहे. आपली ही लहानखुरी अर्भके स्नायूंत आणि अवयवांत इंग्रज बाळांहून पुष्कळ मागे होती, पण कातडीखालच्या चरबीत त्या मानाने मुळीच मागे नव्हती. दिसायला बारीक आणि आतून स्थूल, अशी ही बाळे! याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२.

यातून निघणारा निष्कर्ष व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचा तर असा: आईच्या पोटात असताना ज्याला उधारीवर जगावे लागले, त्याचे शरीर पुढे जन्मभर साठेबाजी करू पाहते. हमालाच्या त्या मुलीला उद्या सुस्थिती लाभली, शहरातले तळलेले आणि गोड खाणे हाती आले, तर मधुमेह तिला शेठजींच्या नातवाइतकाच, किंबहुना अधिक लवकर, गाठण्याचा संभव आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. इतक्या माणसांना औषधाच्या गोळ्या पुरविणे हे काही या प्रश्नाचे उत्तर नव्हे. जे दुखणे ताटातून येते, त्याचा बंदोबस्त ताटापाशीच केला पाहिजे. आणि ताटात काय पडावे हे वैद्यापेक्षा व्यापारीच अधिक ठरवितो. माझ्या दवाखान्यात दिवसाला चाळीस माणसे येतात. माझ्या धाकट्या बंधूच्या दुकानात चारशे येतात. मग लोकांचे आरोग्य कोणाच्या हाती अधिक आहे?

वैद्य आणि व्यापारी यांनी हातात हात घालून काम केल्याचे एक थोर उदाहरण आपल्या देशात घडून गेलेले आहे. आणि ते आपल्या दुकानातील सर्वांत स्वस्त वस्तूचे आहे. मी मिठाविषयी बोलत आहे. अन्नपाण्यातून आयोडीन पुरेसे न मिळाल्यास गलगंड होतो, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु गळ्याची गाठ हे त्या उणिवेचे केवळ दिसणारे रूप. गरोदर मातेला आयोडीन कमी पडले तर पोटातील बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. मोठ्या माणसाला दिवसाकाठी लागते अवघे १५० मायक्रोग्रॅम. साऱ्या आयुष्याचे आयोडीन चहाच्या एका चमच्यात मावेल! १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून पाहिले, आणि पाचसहा वर्षांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. त्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

विद्या होती, सरकारची इच्छा होती, तरी पुढील वीस वर्षे काम रखडले. कारण मीठ बनविणारा, मीठ वाहून नेणारा आणि मीठ विकणारा हे तिघेही त्यात मनापासून सामील नव्हते. पुढे हा रोग केवळ हिमालयाच्या पट्ट्यात नसून देशाच्या सर्व भागांत कमीअधिक आहे असे आढळले. १९८३ साली खाजगी कारखानदारांना आयोडीनयुक्त मीठ बनविण्याची मुभा मिळाली, आणि पुढे सर्वच खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. मध्यंतरी बंदी आली, उठली, आणि अखेर १७ मे २००६ पासून माणसाने थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर मनाई झाली. पाचव्या कुटुंब पाहणीत शेकडा ९४ घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळले. सरकारचे औषध ज्या पाड्यावर पोहोचत नाही, तेथे व्यापाऱ्याची मिठाची पिशवी पोहोचते. देशातील कोट्यवधी बालकांचे मेंदू वाचविण्यात आपल्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा हात आहे. परंतु त्याचे आभार कोणी मानले नाहीत, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नाही.

या संदर्भात माझ्या वडिलांची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९० च्या सुमारास मी नव्या उत्साहाने त्यांना म्हटले, “दादा, हे खड्याच्या मिठाचे पोते आता बंद करा.” ते म्हणाले, “मिठात औषध घालायचे तर ते वैद्याने विकावे. आम्ही मीठ विकतो.” मी त्यांना आयोडीनचे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, आणि मग जो प्रश्न विचारला तो कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात मला आढळला नाही. “तू म्हणतोस ते खरे असेल. पण मी महाग मीठ ठेवले आणि समोरच्याने जुनेच स्वस्त मीठ ठेवले, तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. मीठ तेच खाल्ले जाईल, आणि मी मात्र दुकान घालवून बसेन. तुझ्या शास्त्रात याला काय औषध आहे?” मी निरुत्तर झालो. आज मला वाटते, वडिलांनी त्या एका प्रश्नात या विषयाचे मर्म सांगून टाकले होते. व्यापाऱ्याच्या एकट्याच्या सद्बुद्धीवर लोकांचे आरोग्य सोपविता येत नाही. जो नियम करावयाचा तो समोरच्या दुकानालाही तितकाच लागू असला पाहिजे. नियम सर्वांना सारखा झाला, त्या दिवशी दादांनी खड्याचे पोते आपणहून मागच्या गोठ्यात, जनावरांसाठी नेऊन ठेवले.

आता दुसरे उदाहरण घ्या. ते इतके निर्मळ नाही. वनस्पती तूप आपल्या पेढ्यांनी पिढ्यान् पिढ्या विकले. १९५३ साली सरकारने त्यात अ जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले. रातांधळेपणाने ग्रासलेल्या देशात ही चांगली गोष्ट होती, आणि वैद्यांनी तिचे स्वागत केले. परंतु तेलाला घट्ट करण्याच्या त्याच प्रक्रियेत जे ट्रान्स मेद उत्पन्न होतात ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांस अत्यंत घातक असतात, हे पुढे उघड झाले. म्हणजे ज्या डब्यात एका हाताने जीवनसत्त्व घातले, त्याच डब्यात दुसरीकडे विष साठत होते. शास्त्र बदलले तरी डबा बदलावयास फार काळ गेला. अखेर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेला-तुपांतील या मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून शेकडा ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून शेकडा २ वर आणली. कारखाने बुडतील अशी ओरड पूर्वी झाली होती. कारखाने बुडाले नाहीत, त्यांनी पद्धत बदलली. या गोष्टीचा बोध एवढाच की, वाईट वस्तूत एखादे चांगले द्रव्य मिसळल्याने ती वस्तू चांगली होत नाही. आज ज्या पुड्यांवर ‘जीवनसत्त्वयुक्त’ असे ठळक छापलेले असते, त्यांची मागची बाजू उलटून साखर, मीठ आणि मेद किती आहेत तेही वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. विकणाऱ्याने तर आधी.

तिसरे उदाहरण लाजिरवाणे आहे, आणि ते सांगताना मला माझ्या व्यवसायाकडेच बोट दाखवावे लागेल. वैद्य आणि व्यापारी यांची युती नेहमीच लोकहिताची असते असे नाही. बाळाच्या दुधाच्या डब्यांचा इतिहास पाहा. सुदृढ बाळाचे चित्र छापलेले डबे प्रसूतिगृहांत मोफत वाटले गेले, डॉक्टरांना भेटी दिल्या गेल्या, आणि अंगावर भरपूर दूध असलेल्या माता ‘डब्याचे दूध अधिक पौष्टिक’ अशा समजुतीने तिकडे वळल्या. गरिबाच्या घरी तो डबा पुरवून पुरवून, पाणी घालून, अस्वच्छ बाटलीतून पाजला गेला, आणि त्या पातळ दुधावर व अतिसारावर बालके गेली. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली, आणि भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदा करून अशा डब्यांची जाहिरात व मोफत नमुने बंद केले. २००३ साली तो कायदा अधिक कडक झाला. तसेच अंगणवाडीतील बालकांच्या आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडून घेऊ नये, असा आदेश २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. बालकाच्या तोंडचा घास हा नफ्याचा धंदा होऊ लागला की काय होते, याचा तो निवाडा होता. कुंपणानेच शेत खाल्ले तर तक्रार कोणाकडे करावी?

या तीन गोष्टींतून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. पहिले, नियम करणारा आणि नियम पाळणारा हे दोघे एकच असू नयेत. मर्यादा किती असावी हे शास्त्राने सांगावे, ती कशी गाठावी हे व्यापाऱ्याने सांगावे. दुसरे, नियम सर्वांना सारखा असावा. तिसरे, देवघेव उघड असावी. वैद्याने व्यापाऱ्याकडून भेटवस्तू घेतली की त्याचा सल्ला विक्रीचा माल होतो.

हे पथ्य पाळून इतरत्र काय साधले, तेही पाहण्यासारखे आहे. फिनलंड देशातील नॉर्थ करेलिया या प्रांतात तरुण पुरुष हृदयविकाराने पटापट मरत. १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांनी तेथे काम सुरू केले तेव्हा ते केवळ रुग्णालयात बसले नाहीत. गृहिणींच्या मंडळांत गेले, दुग्धालयांत गेले, मांसाचे पदार्थ बनविणाऱ्यांकडे गेले. मेद आणि मीठ कमी केलेला माल बाजारात आला. चाळीस वर्षांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चारपंचमांशांहून अधिक घटले. इंग्लंडात २०१८ च्या एप्रिलपासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसला. पुष्कळ कारखानदारांनी कर लागू होण्यापूर्वीच आपल्या पेयांतील साखर उतरविली. नुसत्या उपदेशाने जे झाले नसते ते नियमाने झाले, आणि नियम असला तरी बदल शेवटी कारखान्यातच घडला.

आता आपल्या घराकडे वळू. सरकार काय करील ते करो. आपल्या ज्ञातीत किराणा दुकानदार आहेत, तेलाचे घाऊक व्यापारी आहेत, फरसाणाच्या भट्ट्या आहेत, बेकऱ्या आहेत, उपाहारगृहे आहेत. आणि आपल्याच ज्ञातीत मजसारखे पन्नासएक वैद्य, परिचारिका आणि औषधविक्रेतेही आहेत. हे दोन गट वर्षातून एकदा या मांडवात भेटतात आणि एकमेकांना तिळगूळ देऊन परततात. त्यांनी एका सतरंजीवर बसून काम केले तर काय काय होईल?

फरसाणवाल्या बंधूंना माझी पहिली विनंती तेलाविषयी आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात जी अपायकारक द्रव्ये साठतात त्यांची मर्यादा शेकडा २५ अशी १ जुलै २०१८ पासून ठरलेली आहे. ते मोजण्याचे लहानसे उपकरण मिळते. एकेका भट्टीस ते परवडणार नाही, पण संघाने दोनतीन घेऊन फिरते ठेवावे. टाकाऊ झालेले तेल जैविक डिझेल करणारे विकत घेतात. तेव्हा ते गाडीवाल्याला स्वस्तात देण्याचे कारण उरत नाही. दुसरी विनंती मिठाविषयी. प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेवेतले, पापडातले, लोणच्यातले मीठ एकदम कमी केले तर गिऱ्हाईक नाक मुरडील. दर काही महिन्यांनी थोडे थोडे कमी केले तर जिभेला कळतही नाही. आयोडीन हवे, पण ते पोहोचविण्यासाठी मीठ अधिक खावे लागत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

दुकानदार बंधूंना विनंती आहे ती त्या पाच रुपयांच्या पुड्यासंबंधी. त्या माउलीला मी बिस्किटाऐवजी काय सांगावे? फळ सांगावे तर परवडत नाही. अंडे कोणाला चालते, कोणाला नाही. आपल्या दुकानात भाजलेले फुटाणे आहेत, भुईमुगाचे दाणे आहेत, नाचणी आहे, गूळ आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. बिस्किटांत त्याच्या तिसरा हिस्साही क्वचितच भरतो, आणि साखर मात्र पुष्कळदा पाव हिस्सा. भाजलेली नाचणी, डाळ्या आणि दाणे यांचे एकत्र दळलेले पीठ आपल्या आज्या करीत असत. तेच स्वच्छ दळून, लहान पुड्यांत, पाच-दहा रुपयांना गल्ल्याजवळ मांडता येणार नाही काय? प्रमाण आम्ही वैद्य ठरवून देऊ. दळणे, बांधणे, भाव बसविणे आपण करा. पिठाचाच आग्रह अशासाठी की लहानग्यांना अख्खे दाणे दिल्यास ते श्वासनलिकेत अडकतात. परंतु त्या पुड्यावर ‘डॉक्टरांनी शिफारस केलेले’ असे छापावयाचे नाही, आणि सहा महिन्यांखालील बाळासाठी तर आईच्या दुधावाचून दुसरे काही सुचवावयाचे नाही. ते पथ्य दोघांनीही पाळू.

पेढीवाल्या वडीलधाऱ्यांना सांगणे जरा कठीण जाते. कुपोषण काही केवळ पुड्याने हटत नाही. त्या हमालाची मजुरी, त्याच्या घरचे पाणी, त्याच्या बायकोची विश्रांती, ही सर्व त्या मुलीच्या वजनात उतरतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आदिवासी स्त्रियांसाठी राज्याने २०१५ साली अमृत आहार योजना सुरू करून दिवसातून एक पूर्ण जेवण देऊ केले. आपल्या बाजारपेठेतील हमाल-मापाडी स्त्रीपुरुषांच्या घरी गरोदर बाई असेल तर तेवढे एक जेवण आपल्या पेढ्या मिळून देऊ शकणार नाहीत काय? आपण वहीपूजनाला जितका खर्च करतो त्याहून हा खर्च मोठा नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: “गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो; न दिले तर ते दुसरीकडे जाईल.” आक्षेप खरा आहे. माझ्या बंधूने माझ्या सांगण्यावरून तळलेल्या पुड्यांच्या माळा आणि शीतपेयांचे कपाट मुलांच्या नजरेसमोरून हलवून मागे नेले. त्याचा गल्ला घटला. सहा महिन्यांनी थोडा सावरला, पण पूर्ववत झाला असे मी खोटे सांगणार नाही. तो मला म्हणाला, “दादा असते तर त्यांनी तुला तोच प्रश्न विचारला असता.” खरे आहे. म्हणूनच मी ही गोष्ट एकट्या बंधूला न सांगता आज सर्वांना एकत्र सांगत आहे. एका रस्त्यावरची आपली सर्व दुकाने एकाच दिवशी हे करतील तर समोरच्याचे भय उरणार नाही. ज्ञातिसंघाचा उपयोग याहून चांगला कोणता? पूर्वी आपल्या संघाने वसतिगृह उभारले ते एकेकट्याने उभारले नव्हते.

शेवटी एक गोष्ट संघालाच सांगतो, आणि खजिनदारांची क्षमा मागून सांगतो. आपल्या क्रीडास्पर्धेच्या मांडवावर दरवर्षी शीतपेयाचे फलक लागतात आणि धावून दमलेल्या मुलांना बाटल्या वाटल्या जातात. अशा पेयाच्या पाव लिटरमध्ये सुमारे पाच चमचे साखर असते. ज्या मुलांच्या माना मी दवाखान्यात तपासतो, त्यांनाच आपण बक्षीस म्हणून ती बाटली देतो. ती देणगी यंदापासून नाकारावी, आणि तिची भरपाई आम्ही वैद्य मंडळी वर्गणी काढून करू. त्याच मांडवात एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी ठेवावी. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे, एवढे ज्ञान घरोघर पोहोचले तरी पुष्कळ झाले. आणि त्या काट्यावर आपल्या मुलांबरोबर हमालांच्या मुलांचेही वजन व्हावे.

बंधुभगिनींनो, ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने खाल्ले त्याचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. ज्याने विकले त्याचे कर्तव्य कोणी सांगितले नाही. कदाचित ते सांगण्याची गरज नाही असे जुन्या लोकांना वाटले असेल. माझे वडील दिवसाच्या शेवटी तराजूची दोन्ही पारडी पुसून, ती सम आहेत ना हे पाहिल्यावाचून दुकान बंद करीत नसत. त्यांना आयोडीन ठाऊक नव्हते, मधुमेहाचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण आपल्या हातून गेलेला जिन्नस कोणाच्या तरी मुलाच्या पोटात जाणार आहे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या दोन मुलांपैकी एकाचे पारडे फार खाली गेले आहे आणि दुसरीचे फार वर. ती सम करण्याचे काम एकट्या वैद्याच्या हातचे नाही, एकट्या व्यापाऱ्याच्याही नाही.

ती मुलगी अद्याप माझ्याकडे येते. गेल्या खेपेस तिचे वजन पावणेअकरा किलो भरले. अजून वयाच्या मानाने कमीच आहे. पण ती काट्यावर स्वतः चढून उभी राहिली. शेठजींचा नातू महिनाभर आला, मग आला नाही. आजोबा येथे समोरच बसले आहेत आणि मी हे बोलणार हे त्यांना आधी विचारूनच बोललो आहे. मी त्यांना आपणां सर्वांसमक्ष विनंती करतो, की पुढल्या सोमवारी त्याला घेऊन या.